कूलंट बदलताना इंजिनमध्ये उरलेल्या पाण्याचा हिशेब

गेल्या एप्रिलमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, पुण्यात नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा मध्यावरून हळूहळू वर चढायला लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, काचा खाली केल्या आणि घामाघूम होत धायरीला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पातळी दिसेचना. बाजूची कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली मात्र ‘फुल’च्या रेघेवर. झाकणाच्या आतल्या रबराला चीर गेली होती. त्यामुळे गाडी गार होताना बाटलीतलं कूलंट आत ओढलं जाण्याऐवजी बाहेरची हवा शिरत होती. झाकण बदललं आणि तो प्रश्न मिटला.

पण तेवढ्यात दुसरा प्रश्न हाती लागला. मित्राकडे रिफ्रॅक्टोमीटर होता. छोट्या दुर्बिणीसारखी वस्तू, काचेवर एक थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे बघायचं. मिश्रण किती अंशांना गोठेल ते आत रेषेवर दिसतं. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं असेल तर रेषा उणे ३७च्या आसपास यायला हवी. माझी उणे १२वर होती. म्हणजे इंजिनमध्ये कूलंटचं प्रमाण जेमतेम पंचवीस टक्के. आणि सातच महिन्यांपूर्वीच्या बिलावर ‘फ्लश करून नवीन कूलंट भरले’ असं लिहिलेलं.

त्या गॅरेजने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. बाटल्या माझ्यासमोर फोडल्या होत्या, माल चांगला होता. चुकला तो हिशेब. पाण्याने इंजिन धुतल्यावर सगळं पाणी बाहेर येत नाही, निम्मं आतच राहतं. ते विचारात न घेता वर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होणारच. कूलंट बदलण्याच्या कामात पाना-पक्कड चालवणं सोपं आहे, पण हा हिशेब कुणी समजावून सांगत नाही. म्हणून तो इथे नीट मांडतो.

पाणीच का नाही?

हे काम पहिल्यांदा घरी केलं तेव्हा माझी भाची मदतीला होती. नरसाळं धरून उभी. तिने विचारलं, “मामा, कूलंट एवढं महाग, पाणी फुकट. मग पाणीच का नाही घालायचं?”

प्रश्न रास्त आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी खरोखर सरस आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता धरायची ताकद साध्या पाण्यापेक्षा पंधराएक टक्क्यांनी कमीच भरते. पण इंजिनच्या आत काय चाललंय ते बघा. पेट्रोल पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचं धातूचं झाकण) बनलेलं असतं ते ६६० अंशांनाच वितळतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा भाग कूलंटला उचलून रेडिएटरमध्ये नेऊन टाकावा लागतो. सतत, न थांबता.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभरला नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन मात्र नव्वदीत सुखाने चालतं आणि घाटात, ट्रॅफिकमध्ये शंभरच्या पुढे सहज जातं. पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. जिथे बुडबुडा तिथे धातूला पाण्याचा स्पर्श नाही, आणि तेवढा ठिपका तापत राहतो. म्हणून दोन उपाय केलेले असतात. पहिला, रेडिएटरचं झाकण. ते घरच्या कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं: आतला दाब वाढू देतं आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की थोडं कूलंट बाटलीत सोडून देतं. छोट्या गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे टिकतं. दुसरा उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, कूलंटमधला मुख्य घटक. निम्मं ग्लायकॉल मिसळलं की उकळण्याचा बिंदू आणखी आठ-दहा अंशांनी वर जातो.

गोठण्याची भीती पुण्यात नाही. शहराचा नोंदलेला नीचांक १.७ अंश आहे, तोही १९३५ सालच्या जानेवारीतला. पण म्हणून ‘अँटिफ्रीझ आपल्याला कशाला हवं’ असं म्हणणाऱ्यांनी बाटलीतला तिसरा घटक विसरू नये, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सर्वात मोलाचा: गंजरोधक रसायनं. इंजिनच्या आत अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, तांबं, डाख असे वेगवेगळे धातू एकाच गरम पाण्यात बुडालेले असतात, म्हणजे एक छोटी बॅटरीच. साध्या पाण्यात ते एकमेकांना खायला लागतात. ग्लायकॉल फारसं झिजत नाही, गंजरोधकं झिजतात. वर्षागणिक ती संपत जातात, ग्लायकॉलचंही थोडं आम्ल होत राहतं. कूलंट दिसायला अगदी स्वच्छ, रंग तसाच, आणि आतला पहारा उठून गेलेला, असं होऊ शकतं. कूलंट बदलायचं ते यासाठी.

जपानी घराण्यातल्या काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की जिथे बर्फ पडतच नाही तिथेही किमान ३० टक्के ग्लायकॉल ठेवा, गंज रोखायला आणि वॉटर पंपाच्या सीलला वंगण म्हणून. माझ्या गाडीत २५ टक्के होतं. म्हणजे इंजिन उद्याच बंद पडणार नव्हतं, पण आतून हळूहळू पोखरलं जाणार होतं.

जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. साठ टक्क्यांच्या पुढे मिश्रण जाडसर होतं आणि उष्णता कमी उचलतं. पुण्याच्या हवेत ४० ते ५० टक्के हे उत्तम. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळा आकडा सांगत असेल तर तो खरा.

कोणतं पाणी, कोणतं कूलंट

आमच्या पार्किंगमध्ये झाडांना पाणी घालायचा नळ आहे आणि त्याला लांबलचक पाइपही आहे. तो रेडिएटरमध्ये खुपसून इंजिन धुवावं असा मोह होतो. तो नळ बोअरवेलचा आहे. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत असतो तसा. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. गीझरच्या कॉइलवर दोन-तीन वर्षांत जो पांढरा थर चढतो तोच थर सिलिंडरभोवतीच्या बारीक वाटांत चढतो, आणि तो उष्णता अडवतो. उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाण्याचं तर काहीच सांगता येत नाही. पालिकेचं, खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मऊ, पण त्यातही क्लोरिन असतंच आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला डाचतात. तेव्हा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. पाच लिटरचे दोन-तीन कॅन पुरतात.

कूलंट घेताना रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी, नारिंगी हा फक्त घातलेला रंग आहे, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या प्रकारचं, सिलिकेट-फॉस्फेटवालं असेल आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं सेंद्रिय आम्लांवालं. पहिल्या प्रकाराचं आयुष्य साधारण दोन वर्षं, दुसऱ्याचं पाच वर्षांपर्यंत. दोन्ही एकत्र केली तर दरवेळी गाळ होतोच असं नाही, पण लांब आयुष्यवाल्याचं आयुष्य मात्र हमखास घटतं. मॅन्युअलमध्ये गाडीला कोणत्या प्रकारचं कूलंट लागतं ते दिलेलं असतं, तेच शोधा. बाटलीच्या मागे आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ अशी मानकं छापलेली असतात. त्यातलं एकही नसेल, नुसतंच ‘रेडिएटर कूलंट’ लिहिलेलं हिरवं पाणी असेल, तर ती बाटली परत ठेवा. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाणारच असाल तर त्याच फेरीत रेडिएटरचं नवीन झाकण, ड्रेनच्या बोळ्याची (कूलंट खाली सोडायच्या बुचाची) ओ-रिंग आणि होजच्या (रबरी नळ्यांच्या) दोन क्लिपा घेऊन या. झाकण आपल्या गाडीच्याच आकड्याचं घ्या. ०.९च्या जागी १.१चं बसवलं म्हणून गाडी जास्त गार राहत नाही, उलट जुन्या होजवर ताण येतो.

बाटलीवरची सर्वात महत्त्वाची गोष्ट ही: ते कॉन्सन्ट्रेट आहे, म्हणजे पाणी मिसळायचं, की ‘रेडी टू यूज’, म्हणजे आधीच मिसळलेलं? पुढचा सगळा हिशेब यावर आहे.

हिशेब

समजा गाडीत एकूण चार लिटर कूलंट मावतं. छोट्या गाड्यांत बहुधा साडेतीन ते पाच लिटर असतं; मॅन्युअलमध्ये बघा आणि तो आकडा बाहेरच्या बाटलीसकट आहे की तिच्याविना, तेही बघा. रेडिएटरखालचा बोळा उघडला की त्यातलं साधारण दोन लिटर बाहेर येतं. उरलेलं दोन लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये, हीटरच्या जाळीत आणि होजमध्ये अडकून बसतं, कारण त्या वाटा बोळ्याच्या खाली असतात किंवा बंद थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पलीकडे.

आता दोन लिटर डिस्टिल्ड पाणी भरा, गाडी चालू करून सगळं एकजीव करा आणि पुन्हा बोळा उघडा. जुन्याचा हिस्सा किती राहिला? भरल्यावर निम्मा. दुसऱ्यांदा भरल्यावर पाव. तिसऱ्यांदा आठवा हिस्सा, चौथ्यांदा सोळावा. ताकात पाणी घालत गेल्यासारखंच: दरवेळी निम्मं ओतून तेवढंच पाणी घातलं तर तीन-चार वेळांत ते पाणीच दिसायला लागतं. साध्या गाडीला तीन धुण्या पुरतात. चौथी फक्त बाहेर येणारं पाणी अजून रंगीत असेल तर.

आता खरी गोम. तिसऱ्या धुणीचं पाणी काढल्यावर रेडिएटर रिकामा आहे, पण इंजिनमध्ये दोन लिटर पाणी बसलेलंच आहे. या जागी ‘रेडी टू यूज’ मिश्रण दोन लिटर ओतलंत, तर त्यातलं ग्लायकॉल एक लिटर आणि एकूण भरणा चार लिटर. पंचवीस टक्के. माझ्या बिलावरचं ‘फ्लश’ नेमकं हेच होतं.

म्हणून धुणी केली असेल तर कॉन्सन्ट्रेटच हवं, आणि ते एकूण क्षमतेच्या निम्मं. चार लिटरच्या गाडीत दोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. आत बसलेल्या पाण्याशी मिसळून ते आपोआप निम्मं-निम्मं होतं. काढताना २.६ लिटर बाहेर आलं असेल तर २ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि ०.६ लिटर पाणी. १.८च आलं असेल तर १.८ कॉन्सन्ट्रेट, प्रमाण ४५ टक्के, काहीच बिघडत नाही. दीड लिटरच आलं तर मात्र प्रमाण ३७ टक्क्यांवर येतं. अशा वेळी शेवटच्या धुणीनंतर खालचा होज काढून आणखी थोडं पाणी गाळून घ्या.

हे सगळं करायचं तर बाहेर आलेलं मोजावं लागतं. मी एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवतो आणि टबातलं सगळं नरसाळ्याने त्यांत भरतो. अंदाजाने टब बघून ‘दोनेक लिटर असेल’ म्हणू नका.

दुसरा रस्ताही आहे, आणि जुनं कूलंट स्वच्छ असेल, त्याचा प्रकार माहीत असेल, तर मला तोच जास्त पटतो. पाण्याने धुवायचंच नाही. जुनं दोन लिटर काढा आणि त्याच प्रकारचं तयार मिश्रण दोन लिटर भरा. महिनाभर गाडी वापरा. पुन्हा दोन लिटर काढा, पुन्हा दोन लिटर भरा. आता पाऊण भाग नवीन आहे आणि ग्लायकॉलचं प्रमाण एक क्षणही निम्म्याखाली गेलेलं नाही. चार लिटर मिश्रण लागतं, पण धुण्यांचा खटाटोप वाचतो आणि चुकायला जागाच राहत नाही. धुणी राखून ठेवा ती मळलेल्या किंवा अनोळखी कूलंटसाठी: सेकंडहँड घेतलेली गाडी, किंवा हायवेवर कुणी ड्रममधलं पाणी घातलेली गाडी.

मळलेलं कसं ओळखायचं? स्टीलच्या वाटीत थोडं काढा आणि उन्हात धरा. माझ्या वाटीत तळ स्वच्छ दिसत होता, पण कडेला चहाच्या चुऱ्यासारखे तांबूस कण गोल फिरत होते आणि बोटांत चोळल्यावर खरखर लागत होती. तो गंज. वर तेलकट तवंग दिसला, किंवा इंजिन ऑइलच्या काडीवर दुधाळ कॉफीसारखं काही आलं, तर मात्र कूलंट बदलायच्या भानगडीत पडू नका. हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधलं सील) गेल्याची ती खूण आहे, गाडी मेकॅनिककडे न्या.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण गार हवं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी घ्या. गरम इंजिनचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं. आतलं शंभरीपार तापलेलं कूलंट दाब सुटताच उसळून थेट तोंडावर येतं. गार वाटलं तरी झाकणावर फडकं टाका, पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स आवाज येत नाही याची खात्री करा आणि मगच पूर्ण काढा. काही गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं. बाटलीवरच पेचाचं, दाबाचं झाकण असतं. तिथे भरणंही त्याच बाटलीतून. चावी खिशात ठेवा, कारण काही गाड्यांचा रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही लागू शकतो.

बोळा रेडिएटरच्या तळाशी एका कोपऱ्यात असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत बंपरखालून हात घातला की सापडतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बोळा प्लॅस्टिकचा असतो आणि दहा वर्षांत ठिसूळ होतो, तेव्हा तो पक्कडीने पिळू नका. हाताने फिरत नसेल तर सोडून द्या आणि त्याऐवजी रेडिएटरचा खालचा होज काढा: क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा, होज हळू गोल फिरवून सैल करा. या मार्गाने कूलंट एकदम येतं, म्हणून टब रुंद घ्या. आमच्याकडे धुण्याचा जुना टब आता याच कामाला लावलाय. तो पुन्हा घरात जाणार नाही. बाहेरची बाटलीही काढून बाटल्या घासायच्या ब्रशने धुवा, तिच्या तळाशी बराच गाळ असतो.

धुणीच्या वेळी एक गोष्ट घाई करणाऱ्यांना कळत नाही. पाणी भरून दोन मिनिटं इंजिन चालवलं तर काहीच धुतलं जात नाही. थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा दरवाजा आहे. कूलंट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोपर्यंत इंजिनचं पाणी इंजिनमध्येच फिरतं, रेडिएटरचं रेडिएटरमध्येच उभं. म्हणून हीटर पूर्ण गरमवर ठेवून, एसी बंद करून, रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. त्यानंतर गार होऊ द्या, दोन तास तरी. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर हेड वाकू शकतं, ब्लॉकला चीरही जाऊ शकते. तीन धुण्या म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले असं समजा. आणि हे उघड्यावर करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो.

बाजारात रेडिएटर फ्लशची रसायनं मिळतात. नियमित कूलंट बदललेल्या गाडीला त्यांची गरज नाही. खूप गंजलेल्या, जुन्या रेडिएटरमध्ये ती घातली तर ज्या थराने बारीक छिद्रं बुजली होती तोच थर निघून गळती सुरू होते. मी वापरत नाही.

हवा

शेवटचा भरणा झाल्यावर बरेच जण झाकण लावून मोकळे होतात. पण रिकाम्या झालेल्या वाटांत हवा अडकलेली असते, आणि ती हीटरच्या जाळीत किंवा हेडच्या वरच्या भागात जाऊन बसते. हवेचा गोळा थर्मोस्टॅटपाशी असेल तर तो वेळेवर उघडत नाही. टेंपरेचरच्या सेन्सरपाशी असेल तर आणखी वाईट: सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच नसतो, तो हवेचं तापमान सांगतो, आणि इंजिन भाजत असताना काटा निवांत दिसतो. शिवाय कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल असे दोन दिवे असतात. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

हवा वर जाते, म्हणून रेडिएटरचं तोंड सर्वात उंच हवं. मी गाडी सोसायटीच्या रॅम्पवर तोंड वर करून लावतो, हँडब्रेक ओढतो, मागच्या दोन्ही चाकांना विटा लावतो आणि न्यूट्रलवर इंजिन चालू करतो. झाकण उघडं, नरसाळं बसवलेलं, हीटर पूर्ण गरम. भाची वरचा होज मुठीत धरून हळूहळू दाबायची. दरवेळी नरसाळ्यात बुडबुडे यायचे, पातळी खाली जायची आणि मी थोडं थोडं ओतायचो. दहा-बारा मिनिटांनी होज इतका तापला की तिने हात काढला. मग एकदम मोठा गुडगुड आवाज झाला आणि पातळी वीतभर खाली गेली. थर्मोस्टॅट उघडला होता. हा क्षण आल्याशिवाय झाकण लावायचं नाही. फॅन दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले आणि हीटरमधून सलग गरम वारा आला, की काम झालं. हीटरमधून मध्येच गार वारा येत असेल तर हवा अजून आत आहे. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू दिलेला असतो, तो असेल तर वापरा. आणि बुडबुडे अर्धा तास झाला तरी थांबतच नसतील, तर ती हवा नसून सिलिंडरमधून येणारा वायू असू शकतो, म्हणजे पुन्हा हेड गॅस्केटचा संशय.

जुन्या कूलंटचं काय करायचं

हे मला फार जवळचं आहे. आमच्या पार्किंगमध्ये एक मांजर राहते आणि त्या दिवशी ती टबापाशी येऊन वाकली होती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मूलही पिऊ शकतं. मांजराला दोन-तीन चमचेसुद्धा जिवावर बेततात. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं टप्प्याटप्प्याने ऑक्झॅलिक आम्ल करतं, ते कॅल्शियमशी मिळून मूत्रपिंडात स्फटिक धरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. सुरुवातीला नशा चढल्यासारखं दिसतं, मग मध्ये बरंही वाटतं, आणि तिथेच फसगत होते. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा, बाटली सोबत न्या. लवकर पोचलं तर यावर उतारा आहे.

टब एक मिनिटही एकटा सोडू नका. सांडलेल्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाका, तो पिशवीत भरा, मग जागा धुवा. जुनं कूलंट पावसाच्या गटारात ओतू नका. ते ओढ्याने थेट मुठा नदीत जातं, आणि त्यात आता इंजिनमधले धातूही उतरलेले असतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ‘जुनं कूलंट, विष’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. पाण्याच्या बाटल्यांत मोजल्यावर तेही लगेच कॅनमध्ये ओता आणि त्या बाटल्या ठेचून टाका, नाहीतर कुणीतरी तहानेने तोंडाला लावेल. जुनं ऑइल वेगळं साठवून पुनर्वापरासाठी देणारी गॅरेजं असतात, त्यांना आधी विचारून कॅन तिथे पोचवा. त्यात ऑइल मात्र मिसळू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनवर, दोन्ही ठिकाणची पातळी बघा: रेडिएटरचं तोंड काठोकाठ आणि बाटली ‘लो’ आणि ‘फुल’च्या मध्ये. मग एक चढ चढून या. धायरीहून मला कात्रजचा जुना घाट सोयीचा पडतो. कोथरूडकरांना चांदणी चौकाचा चढही चालेल. परत आल्यावर बोळा आणि होजच्या क्लिपांखाली कोरडा कागद पुसून बघा. पहिल्या आठवड्यात पातळी बोटभर उतरली तर ती उरलीसुरली हवा निघाल्यामुळे, तेवढं मिश्रण घालून भरा. दुसऱ्या आठवड्यातही उतरत राहिली तर गळती शोधा. मी रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर मास्किंग टेप लावून तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार आणि किती लिटर कॉन्सन्ट्रेट घातलं ते लिहून ठेवलंय. रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा मागून आणला, तेव्हा रेषा उणे ३५वर होती.